क्रोध, हृदय आणि जॉन हंटर

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन शहरात शस्त्रक्रियेचा विषय निघाला की जॉन हंटर हे नाव प्रथम उच्चारले जाई. शल्यकर्म ही तोवर हाताची कारागिरी समजली जात होती. नाभिक आणि शल्यवैद्य यांची लंडनमध्ये १७४५ सालापर्यंत एकच संस्था होती, एवढे सांगितले म्हणजे त्या धंद्याची तत्कालीन प्रतिष्ठा ध्यानात येईल. या कारागिरीला शरीररचनेच्या ज्ञानाचा आणि प्रयोगाचा पाया घालून देण्याचे श्रेय वैद्यकाचे इतिहासकार प्रामुख्याने हंटरला देतात. हजारो देहांचे विच्छेदन केलेला हा माणूस आयुष्याची शेवटची वीस वर्षे मात्र स्वतःच्या हृदयापुढे हतबल होता. आपल्याला काय होते हे त्याने बारकाईने न्याहाळले होते. ते कशामुळे उफाळते हेही त्याला पक्के ठाऊक होते. परंतु मनातील क्षोभ आणि छातीतील हृदय या दोहोंच्या मध्ये आडवे घालता येईल असे काहीही त्या काळी कोणापाशी नव्हते. ते साधन हाती येण्यास आणखी सुमारे पावणेदोनशे वर्षे जावी लागली. आज ते 'बीटा ब्लॉकर' या नावाने असंख्य घरांतील औषधांच्या डब्यात पडलेले असते, आणि डब्यातल्या ओळखीच्या गोळीबद्दल माणूस जितका निष्काळजी असतो तितकाच तो तिच्याबद्दलही असतो.

हंटरचा जन्म १७२८ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या लॅनार्कशर परगण्यातील ईस्ट किलब्राइड गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. शाळेत त्याचे मन कधी रमले नाही. ढग कसे होतात, गवताचा रंग शरद ऋतूत का पालटतो, मुंग्या आणि पक्षी काय करतात, असले प्रश्न विचारून तो मोठ्यांना भंडावून सोडी. तेरा वर्षांचा असताना वडील वारले आणि पुढली काही वर्षे तशीच गेली. १७४८ साली, विशी गाठता गाठता, तो लंडनला थोरला भाऊ विल्यम याच्याकडे आला. विल्यमने तेथे शरीररचनेचे वर्ग चालविले होते आणि विच्छेदनासाठी त्याला मदतनीस हवा होता. पुस्तकांना कंटाळलेल्या या तरुणाच्या हातात सुरी येताच त्याची बुद्धी जणू जागी झाली. भावाच्या त्या विच्छेदनगृहात त्याने सुमारे अकरा वर्षे काढली. मध्यंतरी चेसेल्डन आणि पॉट या नामांकित शल्यवैद्यांच्या हाताखाली त्याने रुग्णालयातले कामही पाहिले.

पुढे तो लष्करात शल्यवैद्य झाला. १७६१ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील बेल-ईल बेटावर आणि पाठोपाठ पोर्तुगालमध्ये त्याने बंदुकीच्या गोळ्यांच्या जखमा पाहिल्या. अशी जखम सुरीने आणखी मोठी करून गोळी शोधायची, हा त्या काळचा प्रघात होता. हंटरने पाहिले की ज्यांच्या जखमांना कोणी हात लावला नाही असे काही सैनिक अधिक चांगले बरे होतात. निसर्ग स्वतः जे करू शकतो त्यात विनाकारण ढवळाढवळ करू नये, हा त्याचा बाणा तेथे घडला. लंडनला परतल्यावर दातांवर ग्रंथ, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १७६८ मध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयात शल्यवैद्याचे पद आणि १७७६ मध्ये राजे तिसरे जॉर्ज यांच्या सेवेत नेमणूक, अशा पायऱ्या तो चढत गेला. १७७१ साली त्याचा विवाह झाला. त्याची पत्नी ॲन ही कवयित्री होती; तिच्या कवितांना हायडन या संगीतकाराने चाली दिल्या.

त्याची खरी कर्तबगारी १७८५ च्या डिसेंबरात दिसली. पंचेचाळीस वर्षांच्या एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील रोहिणी फुग्यासारखी फुगली होती. अशा वेळी पाय कापणे किंवा तो फुगाच फोडणे, हे दोनच मार्ग तोवर रूढ होते आणि दोन्ही जिवावरचे होते. हंटरने फुग्याला हात न लावता वर मांडीत निरोगी रोहिणी बांधून टाकली. मुख्य वाट बंद झाली तरी आडवाटांनी रक्त पायाला पोहोचेल, हा त्याचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. गाडीवान पुन्हा गाडी हाकू लागला. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षाने तो तापाने वारला, तेव्हा हंटरने त्याचा पाय मिळवून रक्ताने नेमकी कोणती वाट धरली होती ते पाहिले. जिज्ञासेची ही धग नेहमीच शोभून दिसणारी नव्हती. आयर्लंडचा चार्ल्स बर्न नावाचा अतिशय उंच माणूस १७८३ मध्ये वारला. आपला देह हंटरच्या हाती पडू नये म्हणून तो समुद्रात बुडवावा अशी त्याची इच्छा होती. हंटरने तरीही तो मिळविला आणि सांगाडा संग्रहात ठेवला. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने २०२३ मध्ये दारे पुन्हा उघडताना तो सांगाडा प्रदर्शनातून काढला, ही गोष्ट उशिरा का होईना पण उचित झाली.

या संग्रहापायी त्याने पैसा पाण्यासारखा ओतला. वर्षाला पाच हजार पौंडांवर प्राप्ती असलेला हा वैद्य मेला तेव्हा कर्जबाजारी होता. लेस्टर चौकातील त्याचे घर म्हणजे सुमारे चौदा हजार नमुन्यांचे भांडारच होते. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत काम, जोडीला शीघ्रकोपी स्वभाव. सख्ख्या भावाशीही १७८० मध्ये एका शोधाच्या श्रेयावरून त्याचे जे बिनसले ते जवळजवळ अखेरपर्यंत. अशा माणसाला हृदयविकार जडावा, यात नवल कमी.

पहिला झटका आला १७७३ साली. सकाळी दहाच्या सुमारास पोटात वरच्या बाजूला वेदना सुरू झाली. आरशात पाहतो तो चेहरा प्रेतासारखा पांढरा, आणि मनगटाची नाडी हाताला लागेना. श्वास आपोआप चालत नाही असे वाटून तो जाणूनबुजून श्वास घेत राहिला. भाऊ विल्यम आणि इतर वैद्य धावून आले. त्यांनाही नाडी सापडली नाही. पाऊण तासाने तो सावरला. त्याच्या आदल्याच वर्षी हेबर्डेन या वैद्याने चालताना छाती आवळणाऱ्या आणि थांबताच उतरणाऱ्या वेदनेचे वर्णन प्रसिद्ध करून तिला 'अंजायना' असे नाव दिले होते. हंटरची वेदना त्याच जातीची आहे, हे पुढे सर्वांनाच उमगले. १७८५ पासून तर ती त्याची नित्याची सोबतीण झाली.

त्याचा मेहुणा आणि सहायक एव्हरार्ड होम याने या दुखण्याच्या ज्या नोंदी ठेवल्या त्या आजच्या वाचकाने मुद्दाम वाचण्याजोग्या आहेत. चढ चढला की वेदना येई, हे उघडच. पण मधमाश्यांचा थवा पोळ्यात शिरतो की उडून जातो या काळजीनेही ती येई. नोकराने सांगितलेले ऐकले नाही की येई. याउलट एखादी करुण हकीकत सांगताना हंटरच्या डोळ्यांतून पाणी वाहिले तरी छाती शांत असे. सगळीच भावना हृदयाला सारखी भिडत नाही. धास्ती आणि संताप यांचा मार्ग निराळा आहे, हे तेव्हाच नोंदले गेले होते. आपला जीव आपल्याला डिवचणाऱ्या कोणाही हलकटाच्या हाती आहे, असे हंटर स्वतःच बोलून दाखवीत असे.

तो निराळा मार्ग कोणता, हे विसाव्या शतकात कळले. राग किंवा भीती उत्पन्न झाली की मेंदूकडून अनुकंपी चेतासंस्थेला इशारा जातो. तिच्या तंतूंची टोके हृदयापाशी एक रसायन सोडतात आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन ओततात. हृदयाच्या पेशींवर ही रसायने ओळखणाऱ्या जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. तेथे रसायन बसले की हृदयाला हुकूम मिळतो, वेग वाढव आणि ठोका जोरात मार. शत्रूशी झुंजायचे किंवा पळायचे असेल तर ही व्यवस्था उत्तम. परंतु बैठकीत खुर्चीवर बसून वाद घालणाऱ्या माणसालाही ती तोच हुकूम देते.

यापुढचे गणित अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातले आहे. हृदय जितके जोरात धावेल तितकी त्याची प्राणवायूची मागणी वाढते. पुरवठा करणाऱ्या रोहिण्या निरोगी असतील तर त्या रुंदावतात आणि गरज भागते. त्या आतून चुन्यासारख्या थरांनी अरुंद झालेल्या असतील तर पुरवठा वाढत नाही, आणि ही तूट म्हणजेच अंजायनाची वेदना. त्यात आणखी एक पेच आहे. हृदयाच्या डाव्या, मुख्य भागाच्या स्नायूला रक्त मिळते ते प्रामुख्याने दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. ठोके वाढले की हा विसावाच आखूड होतो. म्हणजे गिऱ्हाईक वाढले असता दुकान उघडे राहण्याची वेळ कमी व्हावी, तशी ही अवस्था.

एकोणिसाव्या शतकात ब्रंटन आणि मरेल या वैद्यांनी नायट्राइट आणि नायट्रोग्लिसरिन यांचा उपयोग दाखविला. त्यामागे रक्तवाहिन्या सैल करून आराम देण्याची कल्पना होती. पुरवठा वाढविण्याच्या या विचारातच वैद्यक दीर्घकाळ अडकून राहिले. मागणीच कमी केली तर, असा उलटा प्रश्न जेम्स ब्लॅक या संशोधकाने विचारला. योगायोग असा की त्याचा जन्मही, १९२४ साली, लॅनार्कशर परगण्यातच, हंटरच्या जन्मस्थानापासून काही मैलांवरील उडिंग्स्टन गावी झाला. मोटार अपघाताच्या धक्क्यापाठोपाठ हृदयविकाराने वडिलांना आलेला मृत्यू त्याच्या मनात घर करून होता. अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट याने १९४८ मध्ये ॲड्रेनॅलिनचे ग्राही आल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारचे असल्याचे मांडले होते. त्या मांडणीकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले, ब्लॅकने तिचाच आधार घेतला. हृदयावरचे ग्राही बीटा जातीचे. कचेरीतील खुर्चीवर आधीच कोणी येऊन बसावे, त्याने स्वतः कोणताही हुकूम काढू नये, पण साहेबाला बसायला जागा मात्र उरू नये, असे काम करणारे रसायन त्याला हवे होते. ब्रिटनमधील 'आयसीआय' या कंपनीत १९५८ पासून त्याने हा शोध चालविला. पहिले औषध उंदरांत गाठी निर्माण करते असे आढळल्याने सोडून द्यावे लागले. दुसरे प्रोप्रॅनोलॉल; ते १९६५ मध्ये बाजारात आले. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅकचा वाटा होता.

या औषधाने रोहिणीतला अडथळा दूर होत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. ते फक्त हुकूम अडविते. नाडी संथ होते, ठोक्याचा जोर कमी होतो, विसावा लांबतो. तेवढ्याने पुष्कळ साधते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,८३७ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत सुमारे दोन वर्षांच्या काळात प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांपैकी ७.२ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ९.८ टक्के रुग्ण दगावले. फरक इतका स्पष्ट होता की १९८१ मध्ये ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. दुर्बळ हृदयाला हे औषध विषासमान, असे पूर्वी शिकविले जाई. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी, अगदी लहान मात्रेपासून हळूहळू चढविल्यास बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल ही औषधे अशा रुग्णांचे आयुष्य वाढवितात, हे दाखवून दिले. उलटपक्षी केवळ रक्तदाबासाठी प्रथम पसंतीचे औषध म्हणून असलेले त्यांचे स्थान ब्रिटनमध्ये २००६ साली गेले. झटक्यानंतरही ज्यांच्या हृदयाची शक्ती शाबूत आहे आणि रोहिण्यांवर आधुनिक उपचार झाले आहेत अशा सुमारे पाच हजार रुग्णांच्या, मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या चाचणीत २०२४ मध्ये विशेष लाभ दिसला नाही. तेव्हा गोळी कोणाला, किती आणि कुठवर द्यावयाची, हा प्रश्न वैद्यकात अजून चालता-बोलता आहे. शेजाऱ्याला मानवली म्हणून आपल्याला मानवेल, या तर्काला येथे जागा नाही.

सर्वांत मोठा धोका गोळी घेण्यात नसून ती एकाएकी सोडण्यात आहे, आणि ही गोष्ट रुग्णाला पुरेशा ठासून सांगितली जात नाही. खुर्च्या दीर्घकाळ अडवून ठेवल्या की शरीर नव्या खुर्च्या मांडू लागते. म्हणजे ग्राहींची संख्या वाढते. मग एक दिवस गोळी बंद झाली की त्या साऱ्या खुर्च्यांवर ॲड्रेनॅलिन एकदम येऊन बसते. नाडी उसळते, रक्तदाब चढतो, शांत झालेली छातीतली वेदना पूर्वीपेक्षा तीव्रपणे परतते आणि ज्याच्या रोहिण्या अरुंद आहेत त्याला झटकाही येऊ शकतो. ती थांबवायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक-दोन आठवड्यांत किंवा त्याहून सावकाश मात्रा उतरवीत न्यावी लागते. प्रत्यक्षात गोळ्या सुटतात त्या अगदी साध्या कारणांनी. महिनाअखेर पाकीट संपते आणि पगारापर्यंत थांबू असे घरात ठरते. लग्नकार्यासाठी परगावी जाताना डबा घरीच राहतो. आता बरे वाटते, मग कशाला, हे कारण तर सर्वांत प्रचलित. बरे वाटते ते गोळीमुळेच, हा विचार तेथे मागे पडतो. प्रोप्रॅनोलॉल आणि मेटोप्रोलॉल ही जुनी, स्वस्त औषधे आहेत आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. खर्चाच्या यादीत किराणा आणि विजेच्या बिलासोबत त्यांची रक्कम आधी बाजूला काढणे, एवढी शिस्त बहुतेक मध्यमवर्गीय घरांना झेपण्यासारखी आहे. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत.

बीटा ग्राही हृदयापुरतेच असते तर गोष्ट सोपी होती. ते श्वासनलिकांतही आहेत आणि तेथे त्यांचे काम नळ्या मोकळ्या ठेवण्याचे. म्हणून दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल घातक ठरू शकते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल ही औषधे हृदयावर अधिक रोख ठेवून काम करतात. पण हा भेदभाव पूर्णपणे पाळला जात नाही, मात्रा वाढली की तो पुसट होतो. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब याच कुळातले. त्या दोन थेंबांनीही दमा उसळू शकतो, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याची कल्पना दिली पाहिजे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याची साखर उतरली की छाती धडधडते, हात कापतात. ही धोक्याची घंटाच बीटा ब्लॉकर बंद पाडतो. घाम मात्र येतो, तेवढ्या खुणेवर सावध व्हावे लागते. ज्याची नाडी मुळातच फार संथ आहे किंवा हृदयातील विद्युत्‌वहनात अडथळा आहे त्याला ही औषधे बहुधा वर्ज्य, आणि व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम सोबत घेतली तर नाडी धोकादायकपणे मंदावू शकते. भोवळ, बेशुद्धी, धाप किंवा पायांवर सूज दिसली तर वाट पाहू नये. थकवा, हातपाय गार पडणे, विचित्र स्वप्ने यांचीही तक्रार होते; ती डॉक्टरांपुढे मांडावी, गोळी परस्पर बंद करू नये.

परीक्षा, मुलाखत किंवा भाषण यांपूर्वी हातांची थरथर थांबावी म्हणून ही गोळी मित्राकडून मागून घेण्याची चाल विद्यार्थ्यांत दिसते. थरथर थांबते हे खरे. म्हणून तर नेमबाजी आणि तिरंदाजी या खेळांत हे औषध निषिद्ध आहे, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाला त्यापायी दोन पदके गमवावी लागली. मनातली भीती त्याने जात नाही, केवळ शरीराने तिला दिलेले उत्तर दबते. ज्या मुलाला आपल्याला सौम्य दमा आहे याची जाणीवही नाही त्याने ही गोळी उसनी घेणे म्हणजे शुद्ध वेडेपणा होय. प्रोप्रॅनोलॉल प्रमाणाबाहेर गेल्यास प्राणघातक असते. घरात मुले किंवा मनाने खचलेले कोणी असेल तर तो डबा उघड्यावर राहू नये.

हंटरला यातले काहीही उपलब्ध नव्हते. बाथ येथील झऱ्यांचे पाणी, विश्रांती आणि संयम, एवढीच त्याची औषधे. विश्रांती त्याने घेतली नाही आणि संयम त्याला साधला नाही. त्याचे दुखणे खऱ्या अर्थाने ओळखले ते एका शिष्याने. पुढे देवीच्या लशीमुळे जगप्रसिद्ध झालेला एडवर्ड जेन्नर १७७० पासून दोन वर्षे हंटरच्या घरी राहिला होता. नुसता तर्क करीत बसू नकोस, प्रयोग करून पाहा, हा गुरूचा प्रसिद्ध उपदेश त्यालाच उद्देशून होता. अंजायनाने मेलेल्यांच्या शवांची तपासणी करताना जेन्नरला हृदयाच्या रोहिण्या टणक झालेल्या आढळल्या आणि रोगाचे मूळ तेथेच असावे असा त्याचा कयास झाला. हा निष्कर्ष जाहीर करणे म्हणजे गुरूला त्याचा मृत्युलेख वाचायला देणे. जेन्नर गप्प राहिला. शास्त्राचे त्यात नुकसान झाले असे म्हणता येईल. पण उपाय हाती नसताना निदान सांगून काय मिळणार होते, याचाही विचार केला पाहिजे.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या व्यवस्थापकांची बैठक होती. नव्या नियमाप्रमाणे लागणारा दाखला नसलेल्या दोन तरुण स्कॉटिश विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा, ही बाजू हंटर मांडणार होता. सहकाऱ्यांशी त्याचे आधीच वाकडे होते. बैठकीत भांडण झाले तर ते आपल्या जिवावर बेतेल, अशी भीती त्याने निघण्यापूर्वी एका परिचितापाशी व्यक्त केली होती. तरीही तो गेला. त्याच्या बोलण्याला एकाने आक्षेप घेतला. हंटर थांबला, राग गिळीत शेजारच्या खोलीत गेला आणि तेथे एक कण्हणे ऐकू येऊन तो एका डॉक्टरच्या हातांत कोसळला. पासष्टाव्या वर्षी सारे संपले.

होमने शवतपासणी केली. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या हाडासारख्या टणक झाल्या होत्या. त्याने जेन्नरला पत्र पाठवून त्याचा कयास खरा असल्याची कबुली दिली, आणि बाथच्या केलब पॅरी या वैद्याने १७९९ मध्ये या रोगावर ग्रंथ काढला तेव्हा जेन्नरचे ते जुने निरीक्षण प्रथमच छापले गेले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने हंटरचा संग्रह पंधरा हजार पौंडांना विकत घेतला. तोवरची सहा वर्षे विल्यम क्लिफ्ट नावाच्या तरुण मदतनिसाने तुटपुंज्या वेतनावर तो जपला होता आणि हंटरच्या हस्तलिखितांतील पुष्कळ भाग हाताने उतरून घेतला होता. १८२३ मध्ये होमने मूळ कागद जाळून टाकले. हंटरच्या टिपणांतले जे उरले, त्यातील बरेचसे क्लिफ्टच्या त्या नकलांमुळे उरले.